‘ते पुस्तक सध्या नाहीये’: पुण्यातल्या वाचनालयात नव्यानं कामाला लागलेल्यांसाठी

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या वाचनालयात एक मुलगी आली, स्पर्धा परीक्षेवाली, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी, तिला एक पुस्तक हवं होतं आणि कॉम्प्युटर म्हणत होता की ते आहे. कपाटात मात्र नव्हतं. देवघेवीला बसणारा मुलगा म्हणाला, “ते सध्या नाहीये.” कुणी नेलंय का? नाही. हरवलंय का? नाही. मग? “सध्या नाहीये.”

मी कमिटीवर तेव्हा नवीनच आले होते, अंगात उत्साह होता, म्हणून शोधायला लागले. तिसऱ्या दिवशी ते सापडलं मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, गणपतीच्या मखराचे थर्माकोलचे तुकडे आणि जुनी पावती पुस्तकं यांच्या खाली. आत एक चिठ्ठी. “साहेबांचा फोन. सध्या देऊ नये.” तारीख नाही, सही नाही, आणि कोणते साहेब हे कुणालाच आठवेना. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरचा परतीच्या तारखेचा शिक्का बघितला तर चार वर्षांपूर्वीचा.

म्हणजे ना बंदी, ना मोर्चा, ना पोलीस, कुणाचा तरी एक फोन आला आणि चार वर्षं पुस्तक गेलं. वाचनालयातनं पुस्तकं जातात ती बहुतेक वेळा अशी. पेपरात येतात ती भांडणं वेगळी. म्हणून हे लिहितेय, जे कुणी नव्यानं कमिटीवर येतायत, अर्धवेळ नोकरीला लागतायत, सुट्टीत मदतीला येतायत किंवा नुसतेच वर्गणीदार आहेत त्यांच्यासाठी. मी वकील नाही, आधीच सांगते, खरंच प्रकरण अंगावर आलं तर वकील गाठा. पण त्याच्या अलीकडे करण्यासारखं खूप आहे आणि त्याला फक्त कागद आणि थोडा हट्टीपणा लागतो.

पहिलं काम, आपलं वाचनालय कुणाचं आहे ते माहीत करून घ्या

नवीन माणसाला वाटतं वाचनालय सरकारी असतं. पुण्यातली बरीचशी वाचनालयं लोकांनी काढलेल्या संस्था आहेत, सरकार त्यांना मान्यता आणि अनुदान देतं, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा, त्याखाली अ ब क ड असे वर्ग, जिल्हा ग्रंथालय अधिकारी तपासणीला येतात वगैरे. पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ चं आहे, तेव्हा त्याचं नाव पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी होतं, म्हणजे १८५७ च्या आधीपासून या गावात लोक एकत्र येऊन पुस्तकं वाटून वाचतायत. ही गोष्ट आपण विसरतो.

तर संस्थेची घटना मागून घ्या. घटना म्हणजे नियमांची ती पिवळी पडलेली पुस्तिका, कार्यवाहांच्या ड्रॉवरमध्ये असते, बहुतेकांनी वाचलेली नसते. त्यात बघायचं एवढंच की पुस्तकं निवडायचा अधिकार कुणाला आहे आणि काढून टाकायचा कुणाला. आमच्याकडे पहिल्याचं उत्तर होतं, ग्रंथ निवड समिती. दुसऱ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. एक अक्षर नव्हतं म्हणूनच तर “साहेबांचा फोन” चालला ना.

मग एक पानाचं निवड धोरण लिहून कार्यकारी मंडळात ठराव करून घ्या. मोठं काही नको. आपण पुस्तकं का घेतो, कोण निवडतं, एखाद्या विषयावर वेगवेगळ्या बाजूंची पुस्तकं ठेवण्याचा प्रयत्न करू, पुस्तक ठेवलं म्हणजे त्यातलं मत संस्थेचं आहे असं नाही, आणि पुस्तक काढायचं असेल तर लेखी कारणाशिवाय काढणार नाही. बस. युनेस्को आणि ग्रंथालयांची जागतिक संघटना इफ्ला यांचा सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा आहे, १९९४ चा आणि नंतर २०२२ मध्ये सुधारलेला, त्यात सरळ म्हटलंय की संग्रहावर वैचारिक, राजकीय किंवा धार्मिक सेन्सॉरशिप नको. तो एक परिच्छेद धोरणाला जोडून टाका. कमिटीतल्या ज्येष्ठ मंडळींना युनेस्को म्हटलं की जरा बरं वाटतं, मी अनुभवानं सांगतेय.

दुसरं काम, ‘बंदी आहे’ म्हणजे नक्की काय ते शिका

हे सगळ्यात महत्त्वाचं, इथे वेळ घालवा. काउंटरवर येऊन कुणीतरी ठणकावून सांगतं की अहो त्याच्यावर बंदी आहे, तुम्ही कसं ठेवता, आणि समोरचा बावीस वर्षांचा पोरगा घाबरून पुस्तक खाली सरकवतो. त्यानं फक्त एक प्रश्न विचारायचाय. आदेश कुठाय?

कारण राज्य सरकारला पुस्तक जप्त करायचं असेल तर त्याची एक रीत आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५ होतं, १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात ते कलम ९८ झालं. त्यानुसार अधिसूचना काढावी लागते, त्यात सरकारला असं का वाटतं याची कारणं द्यावी लागतात. मग जागेची झडती घ्यायची तर मॅजिस्ट्रेटचं वॉरंट लागतं आणि येणारा अधिकारी किमान उपनिरीक्षक दर्जाचा असावा लागतो. आणि त्या पुस्तकाशी ज्याचा हितसंबंध आहे असा कुणीही राजपत्रात आल्यापासून दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाऊन त्याला आव्हान देऊ शकतो, ते किमान तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठासमोर चालतं. म्हणजे कायद्यानंसुद्धा हे काम सोपं ठेवलेलं नाहीये, आणि आपण काय करतो तर फोनवर मान डोलावतो.

आपल्याच गावचं उदाहरण घ्या. छत्रपती शिवाजी महाराजांवरचं एका अमेरिकन अभ्यासकाचं पुस्तक २००३ मध्ये आलं, त्यातल्या मजकुरावरून संताप झाला, प्रकाशकानं नोव्हेंबर २००३ मध्येच ते भारतातून मागे घेतलं. पुढे राज्य सरकारनं बंदीची अधिसूचना काढली. ती २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला, कारण काय तर कोणत्या गटांमध्ये तेढ निर्माण होतेय हे अधिसूचनेत नीट सांगितलंच नव्हतं. पुस्तक बरोबर की चूक हा विषयच नाही इथे, त्यातलं लिखाण चूक, अर्धवट आणि चीड आणणारं आहे असं म्हणणाऱ्यांना तसं म्हणायचा, लिहायचा, सभा घ्यायचा पूर्ण हक्क आहे. मुद्दा एवढाच की बंदी ही कागदावर असते, तो कागद तपासता येतो आणि कधीकधी कोर्टात तो टिकत नाही. आजही पुण्यात दहा जणांना विचारा, त्यातले नऊ जण सांगतील की त्यावर बंदी आहे.

दुसरी गंमत तर याहून भारी आहे. सलमान रश्दींची ती गाजलेली कादंबरी, ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’, तिच्यावर ऑक्टोबर १९८८ मध्ये कस्टम्सनं आयातबंदी घातली. आयातबंदी हां, बाहेरून आणायला मनाई. एका वाचकानं २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला की मला ते पुस्तक मागवायचंय, तो आदेश दाखवा. पाच वर्षं गेली आणि कुठल्याच खात्याला तो आदेश सापडेना. शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्ट म्हणालं की आता अशी अधिसूचना अस्तित्वातच नाही असं मानण्याशिवाय पर्याय नाही. छत्तीस वर्षं सगळा देश ज्याला बंदी म्हणत होता त्याचा कागद फायलीत नव्हता. आमच्या चिठ्ठीवर निदान काहीतरी लिहिलेलं तरी होतं!

आणि एक, पुरस्कार रद्द होणं म्हणजे बंदी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधींच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार राज्य सरकारनं मागे घेतला, त्यानंतर एक सभासद आमच्याकडे येऊन म्हणाले आता हे काढा. का? पुरस्कार काढला, पुस्तक नाही काढलं. तसंच शासनमान्य ग्रंथांच्या यादीत एखादं पुस्तक नसणं म्हणजेही बंदी नाही, ती यादी खरेदीसाठी असते.

राजपत्र बघायचं असेल तर सरकारी साईटवर मिळतं, आणि जुन्या पद्धतीनं जायचं तर जीपीओजवळ फोटोझिंको प्रेसच्या आवारात शासकीय ग्रंथागार आहे. खात्री नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला तीस दिवस. आपल्या महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, लोक दोन पानी निबंध लिहितात आणि मग तो परत येतो. एकच वाक्य लिहा, अमुक पुस्तकावर जप्तीची अधिसूचना काढली असल्यास तिची प्रत द्यावी.

तिसरं काम, फॉर्म

हसू नका. फॉर्म हे वाचनालयाचं सगळ्यात मोठं हत्यार आहे. ही कल्पना माझी नाही, अमेरिकेतली ग्रंथालयं कित्येक वर्षं हे करतात, तिथल्या ग्रंथालय संघटनेनं १९३९ मध्ये ग्रंथालयाच्या हक्कांचा जाहीरनामाच काढला होता आणि पुस्तकावर आक्षेप आला की ते पुनर्विचाराचा अर्ज भरून घेतात. आपण मराठीत करायचा, एका पानाचा, मोठ्या अक्षरात, कारण भरणारे बहुतेक साठीच्या पुढचे असतात.

त्यात नाव, सभासद क्रमांक, पुस्तकाचं नाव, आणि मग खरे प्रश्न. तुम्ही पुस्तक पूर्ण वाचलंय का? आक्षेप कोणत्या पानावर आहे? त्या पानावर नक्की काय लिहिलंय? वाचनालयानं काय करावं असं तुम्हाला वाटतं? याच विषयावर दुसरं कोणतं पुस्तक आम्ही घ्यावं? हा शेवटचा प्रश्न मुद्दाम टाका, त्यानं भांडणाचा सूर बदलतो, माणूस काढा काढा करत आलेला असतो तो घ्या घ्या वर जातो.

काउंटरवरच्या माणसाला फक्त दोन वाक्यं पाठ करायला लावा. “तुमचं म्हणणं मी लिहून घेतो, हा फॉर्म भरून द्या.” आणि “मला पुस्तक काढायचा अधिकार नाही, कमिटी ठरवते.” यापुढे त्यानं एक शब्द बोलायचा नाही, वाद घालायचा नाही, लेखकाची बाजू तर अजिबात घ्यायची नाही. पुणेरी माणसाला हे फार जड जातं, आम्हाला वाद समोर दिसला की राहवत नाही, पण राहवून घ्या. फोनवर आक्षेप आला तरी हेच, साहेब असोत नाहीतर भाऊ असोत, “इमेल करा किंवा फॉर्म भरा.” तरी फोन आलाच तर नोंदवहीत तारीख, वेळ आणि कोण बोललं ते लिहा. कोणते साहेब, हे चार वर्षांनी विचारायची वेळ येऊ नये.

आमच्याकडे फॉर्म सुरू केल्यापासून बरेच जण तो घेऊन गेले आणि भरून परत आला एकच. एक आजोबा, रोज सकाळी पेपर वाचायला येणारे. एका आत्मकथनात शिव्या आहेत म्हणून. त्यांनी खरोखर अख्खं पुस्तक परत वाचलं, पानांचे आकडे लिहून आणले, अक्षर मोत्यासारखं. त्याबद्दल पुढे सांगते.

चौथं काम, कमिटीत काय करायचं

फॉर्म आला की पुस्तक जागेवरच ठेवायचं. हे पहिलं. निर्णय होईपर्यंत ते देवघेवीत राहणार. इथेच सगळे फसतात, “निर्णय होईपर्यंत बाजूला ठेवू” म्हणतात आणि निर्णय कधी होतच नाही, कारण पुस्तक बाजूला आहे म्हटल्यावर कुणाला घाई असते?

दोघांनी ते पूर्ण वाचायचं, शक्यतो एकमेकांशी न पटणारे दोघे. मग लेखी टिपण, मग बैठक, मग ठराव, मग आक्षेप घेणाऱ्याला लेखी उत्तर. मुदत ठरवून टाका, आम्ही पंचेचाळीस दिवस ठेवलेत.

आणि अजेंड्यावर लक्ष ठेवा. प्रत्येक बैठकीच्या अजेंड्यात शेवटी एक ओळ असते, मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. चहा आलेला असतो, दोघेजण गाडीची किल्ली शोधत असतात, आणि त्यात कुणीतरी म्हणतं ते एक पुस्तक आहे बघा, जरा वादग्रस्त आहे, काढून ठेवूया का, आणि सगळे म्हणतात हो हो. झालं. म्हणून आमच्या धोरणात मी भांडून एक ओळ घालून घेतलीय की पुस्तक काढण्याचा विषय ऐनवेळी घेता येणार नाही, सात दिवस आधी अजेंड्यावर हवा. मला विचाराल तर सगळ्या धोरणात कामाची हीच एक ओळ आहे.

अनुदान बंद करू अशी धमकी आली तर घाबरून लगेच पुस्तक काढू नका. वर्ग आणि अनुदान ठरतं ते ग्रंथसंख्या, वर्तमानपत्रं, वर्गणीदार, उघडं ठेवायचे तास असल्या मोजता येण्यासारख्या गोष्टींवर. धमकी देणाऱ्याला सांगा, तेही लिहून द्या.

आजोबांचं असं झालं, दोघांनी वाचलं, ठराव झाला की पुस्तक राहील, आणि मी उत्तर लिहिलं की त्या शिव्या त्या लेखकाला प्रत्यक्ष आयुष्यात खाव्या लागल्यात, त्या काढल्या तर आत्मकथन खोटं होईल, तुम्ही बारकाईनं वाचलंत याबद्दल आभार. त्यांना पटलं नाही. ते अजून रोज पेपर वाचायला येतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. चालायचंच.

पाचवं काम, मुलांचा विभाग

इथे मी जरा अडखळते, खरं सांगायचं तर. मोठ्यांच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे, मुलांच्या बाबतीत आईबापांचं ऐकावं लागतं. मी जे ठरवलंय ते असं की आपल्या मुलानं काय न्यावं हे पालक सांगू शकतात, दुसऱ्याच्या मुलानं काय न्यावं हे सांगू शकत नाहीत. पालक म्हणाले माझ्या मुलीला भुताची पुस्तकं देऊ नका, तर तिच्या कार्डावर नोंद करा, वाद नको. पण भुताची पुस्तकं बालविभागातनं काढायची नाहीत. वयानुसार कपाटं वेगळी ठेवणं वेगळं आणि पुस्तक संस्थेतनंच घालवणं वेगळं. वयात येण्याबद्दलची, शरीराची माहिती देणारी पुस्तकं मात्र जपा, ती सगळ्यात आधी गायब होतात आणि ज्यांना हवी असतात ती मुलं मागायला लाजतात, म्हणून ती काउंटरला न विचारता हातात घेता येतील अशी ठेवा.

अश्लीलतेचं कलम आता भारतीय न्याय संहितेत, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात, २९४ आहे आणि हे वाचनालयवाल्यांनी लक्षात ठेवावं, त्यात नुसतं विकणंच नाही, भाड्यानं देणं आणि वाटणंही येतं. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या एका बुकस्टॉलवाल्याची शिक्षा कायम केली होती, एका इंग्रजी कादंबरीची प्रत विकायला ठेवली म्हणून. पण त्याच कलमात साहित्य, कला, विज्ञान, ज्ञान यांच्यासाठी अपवाद आहे, आणि कोर्टही बदलत गेलं. १९६२ च्या एका मराठी मासिकाच्या दिवाळी अंकातल्या कथेवर खटला झाला, चंद्रकांत काकोडकरांच्या, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं. २०१४ मध्ये तर कोर्टानं ती जुनी इंग्रजी कसोटीच बाजूला ठेवली, एखादा तुकडा उचलून कुणाचं मन बिघडेल असं बघणारी, आणि सांगितलं की पूर्ण संदर्भ आणि आजचा समाज बघा. म्हणजे आपल्या फॉर्ममधला “पूर्ण वाचलंय का” हा प्रश्न काही आगाऊपणाचा नाही.

र. धों. कर्वेंचं नाव पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ मध्ये सुरू केलं, संततिनियमनावर लिहिलं, खटले झाले, १९३४ मध्ये त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोर्टात उभे राहिले आणि तरी ते हरले. आज त्याच कर्व्यांवर चर्चासत्रं होतात. तेव्हाच्या वाचनालयांच्या कमिट्यांनी काय केलं असेल असा विचार मी कधीकधी करते. बहुतेक ऐनवेळच्या विषयात घेतलं असेल.

सहावं काम, जमाव आला तर

सहसा येत नाही. पण ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेत शंभराहून जास्त लोक घुसले, तोडफोड केली, पोथ्या, पुस्तकं, कपाटं, आणि संस्थेनं ते शिवाजी महाराजांवरचं पुस्तक लिहिलंही नव्हतं आणि छापलंही नव्हतं, लेखकानं प्रस्तावनेत तिथल्या लोकांचे आभार मानले होते एवढंच. १९१७ पासून पोथ्या-पुस्तकं जमवलेल्या जागेत हे झालं. त्या वेळी मी कॉलेजात होते, लॉ कॉलेज रोडवरनं रोज जायचे, दुसऱ्या दिवशी त्या फाटकासमोर थांबले होते ते अजून आठवतं.

म्हणून सांगते. माणसं आधी. कुठलंही पुस्तक कर्मचाऱ्याच्या डोक्यापेक्षा मोठं नाही. गर्दी दिसली की वाचकांना मागच्या दारानं बाहेर काढा, ११२ ला फोन, कार्यवाहांना फोन, आणि समोर जाऊन भाषण करू नका. निवेदन द्यायला आले असतील तर निवेदन घ्या, पोच द्या, चहा विचारा, निवेदन देणं हा त्यांचा हक्कच आहे आणि निम्म्या वेळा प्रकरण तिथेच संपतं. पण त्यांच्या हातात पुस्तक द्यायचं नाही आणि कॅमेऱ्यासमोर “आम्ही काढून टाकतो” म्हणायचं नाही. आधी कुणकुण लागली असेल तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पोलीस कधी कधी म्हणतात की तुम्हीच ते पुस्तक काढा ना, कशाला डोक्याला ताप, तेव्हा नम्रपणे सांगा की १९८९ च्या रंगराजन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की मोर्चाच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दाबता येणार नाही, सुव्यवस्था राखणं हे सरकारचं काम आहे. तो खटला सिनेमाचा होता पण तत्त्व तेच.

आणि दाखल नोंदवहीची एक प्रत वाचनालयाबाहेर कुठेतरी ठेवा. स्कॅन करून पेनड्राइव्हवर, क्लाउडवर, कार्यवाहांच्या घरी, कुठेही. आपल्याकडे काय होतं हेच माहीत नसेल तर काय गेलं ते कळणार कसं? आग, उधई, पानशेतसारखा पूर, सगळ्यालाच ते उपयोगी आहे.

सातवं, छोटंसं

कुणी कोणतं पुस्तक नेलं हे कुणालाही सांगू नका. नवऱ्याला नाही, शेजाऱ्याला नाही, नगरसेवकाच्या माणसाला तर नाहीच. पोलिसांनी मागितलं तर लेखी आदेश मागा, नागरिक सुरक्षा संहितेत कलम ९४ त्यासाठीच आहे, आणि कमिटीला कळवून मगच द्या. पुस्तकाच्या मागे सभासदाचं नाव लिहायची जुनी पद्धत असेल तर ती आजच बंद करा, क्रमांकसुद्धा नको, नुसता तारखेचा शिक्का पुरे.

आठवं काम, न दिसणारी गळती शोधा

निर्लेखन म्हणजे फाटकी, वाळवी लागलेली, कालबाह्य पुस्तकं नोंदीतून कमी करणं. गरजेचंच आहे ते, जागा कुठाय. पण नको असलेलं पुस्तक काढायचा हा राजमार्गही आहे. यादीत “जीर्ण” लिहिलेलं पुस्तक हातात घेऊन बघा खरंच जीर्ण आहे का. “बाइंडिंगला” गेलेली पुस्तकं परत आली का ते वर्षातून एकदा तपासा. दरवर्षी जूनमध्ये मी कॉम्प्युटरवरनं अशा पुस्तकांची यादी काढते जी उपलब्ध दिसतात पण तीन वर्षांत एकदाही गेली नाहीत, आणि त्यातली वीसएक कपाटात जाऊन शोधते. बहुतेक धूळ खात बसलेली असतात. काही नसतात.

त्याहून अवघड म्हणजे न घेतलेली पुस्तकं. अप्पा बळवंत चौकात खरेदीला गेलो की कुणीतरी म्हणतं हे नको, उगाच कशाला, आणि पुस्तक टेबलावरच राहतं. ते कुठल्याच नोंदीत येत नाही. यावर माझ्याकडे इलाज म्हणाल तर एकच आहे, सभासदांची मागणी वही. मागणी लेखी असली की नाही म्हणायलाही लेखी कारण लागतं. डोळ्यांसमोर ठेवा ती वही, पेन बांधून, कारण पेन चोरीला जातं.

आणि तुम्ही नुसते वाचक असाल तर

तुमच्या हातात वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. पुस्तक मिळत नसेल तर तोंडी विचारू नका, मागणी वहीत लिहा, तारीख टाका, फोटो काढून ठेवा. दोनदा लिहून उत्तर नाही आलं तर कार्यवाहांना इमेल. वार्षिक सर्वसाधारण सभेला जा हो, तिथे अकरा माणसं असतात आणि त्यातले आठ कमिटीवरचे, तुम्ही हात वर केला तर ऐकावंच लागतं.

दरम्यान पुस्तक दुसरीकडे शोधा. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय आहे, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे, इतिहासाचं असेल तर भारत इतिहास संशोधक मंडळ. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की त्यानंतरच्या जानेवारीपासून पुस्तक सगळ्यांचं होतं, अशी खूप मराठी पुस्तकं विकिस्रोतावर आणि इंटरनेट अर्काइव्हवर आहेत, फुकट आणि कायदेशीर. पण इंटरनेटवर आहे ना, मग वाचनालयात कशाला, हे कमिटीनं म्हटलं तर मान्य करू नका. त्या स्पर्धा परीक्षेवाल्या मुलीचा फोन तडा गेलेल्या काचेचा होता, त्यावर चारशे पानं कुणी वाचत नाही.

तिचं पुस्तक तिला त्याच आठवड्यात दिलं. तिनं मुदत संपल्यावर नऊ दिवसांनी परत आणलं, दंड भरला, आणि काउंटरवर विचारलं की याच लेखकाचं दुसरं आहे का. कॉम्प्युटर म्हणाला आहे. मी स्वतः उठून कपाटाकडे गेले.